आत्याचा खोका: फ्लॉपी, सीडी, हार्ड डिस्क, एसएसडी... आधी काय उघडू?

गोगलगाय (धागाकर्ती)
नमस्कार मंडळी. दोन प्रश्न एकदमच अंगावर आलेत, म्हणून हा धागा.

पहिला: आत्याने एक खोका माझ्या स्वाधीन केलाय. ती तीस वर्षं भाषांतरं करत होती आणि दर काही वर्षांनी कॉम्प्युटर बदलत होती. खोक्यात निघालं ते असं: सव्वापाच इंची फ्लॉप्या ३, साडेतीन इंची फ्लॉप्या १४, घरी बर्न केलेल्या सीडी ९, रुंद चपट्या केबलची जुनी हार्ड डिस्क १, पेन ड्राइव्ह १, आणि लॅपटॉपमधून काढलेली एसएसडी (आत फिरणारं काही नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क) १, जी चारेक वर्षं तशीच पडून आहे. आत्याला तिचं सगळं लिखाण एका जागी हवंय. "घाई नाही, पण मी आहे तोवर दे," असं म्हणालीये.

दुसरा: मुलीच्या वहीतला प्रश्न, 'दुय्यम साठवण साधनांचे प्रकार लिहा'. पुस्तकात एका ओळीत उत्तर आहे: चुंबकीय, प्रकाशीय आणि फ्लॅश (म्हणजे चिपवरची). तिने खोक्यात डोकावून विचारलं, "मग यातलं आधी कुठलं मरतं?" पुस्तकात ते नाही, आणि मलाही माहीत नाही.

तर आधी काय उघडू? आणि हे तीन प्रकार या कामात काही उपयोगी आहेत का?

रिकामटेकडा
आधी खोका उघडा. :-)

सावध
डेटा परत मिळवण्याच्या कामात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून आधी काय करू नका ते सांगतो.

१. विंडोजने 'ही डिस्क फॉरमॅट करायची का?' असं विचारलं की 'नाही'. दहा वेळा विचारलं तरी 'नाही'.
२. जिथून वाचताय तिथे काहीही लिहू नका. दुरुस्ती करणारं सॉफ्टवेअरसुद्धा मूळ डिस्कवर चालवू नका.
३. फाइली एकेक उघडून बघत बसू नका. आधी अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी प्रत काढा आणि मग त्या प्रतीशी काय खेळायचं ते खेळा. डीडीरेस्क्यू नावाचं मोफत साधन आहे. चांगला भाग ते आधी उचलतं आणि खराब जागांवर नंतर परत येतं.

क्रम विचाराल तर मी एसएसडी आधी घेईन. बाकीच्यांवर अजून थोडे दिवस धूळ बसली तरी फारसं बिघडणार नाही. एसएसडीत मात्र बिट म्हणजे अडकवून ठेवलेला विद्युतभार असतो आणि तो हळूहळू झिरपत असतो.

मृण्मयी_
बापरे, म्हणजे एसएसडी वर्षभर बंद ठेवली की डेटा जातो हे खरंच आहे तर! मी कुठेतरी वाचलं होतं. माझ्याकडे फोटोंची एक पडून आहे. :(

तर्कट
@मृण्मयी_, घाबरू नका. ते 'एक वर्ष' कुठून आलं ते बघा. जेडेक या संस्थेच्या मानकात घरगुती एसएसडीसाठी अट अशी आहे की तिचं ठरलेलं सगळं लिखाण संपल्यावर, म्हणजे पूर्ण झिजल्यावर, ती ३० अंश सेल्सिअसला विनावीज एक वर्ष डेटा धरून ठेवू शकली पाहिजे. सर्व्हरमधल्यांसाठी हेच ४० अंशांना तीन महिने. हा आकडा घासून गुळगुळीत झालेल्या डिस्कचा आहे. कमी वापरलेली डिस्क याहून पुष्कळ जास्त टिकते. फोटो मात्र आणखी कुठेतरी असू द्या.

उष्णतेचा भाग खरा आहे. माळ्यावर ठेवलेली एसएसडी कपाटातल्या एसएसडीपेक्षा लवकर विसरणार.

बाकी पुस्तकातल्या वर्गीकरणाबद्दल सवडीने लिहितो. रुमाल टाकून ठेवतो.

रिळवाला
बाई, तुमच्या आत्यांनी एकदा तरी टेप वापरली असती तर मला बरं वाटलं असतं.

मी कॉम्प्युटर ऑपरेटर होतो. अर्ध्या इंची टेपची रिळं, एकेक २,४०० फुटांचं. आमच्याकडची बहुतेक इंचाला १,६०० बाइटवाली. रिळाच्या पाठीमागे खाचेत प्लास्टिकची एक कडी बसायची. कडी असेल तरच लिहिता येणार, काढली की फक्त वाचन. शिफ्टवर पहिल्या दिवशी शिकवलं जायचं ते एवढंच: कडी नाही तर लिखाण नाही. कोणाच्या टेपवर कोणी चुकून लिहिलं की आधी 'कडी कोणी घातली?' अशी चौकशी व्हायची.

टेपच्या सुरुवातीला चमकदार पट्टीचा छोटा तुकडा चिकटवलेला असायचा, तो दिसला की ड्राइव्हला कळायचं की इथून सुरू. तो निघून आला की आम्ही चिमट्याने नवा लावायचो. शेवटच्या फुटावर काही हवं असेल तर अख्खं रीळ फिरेपर्यंत वाट बघायची. लिखाणातली सलगता तेव्हा हातापायांनाही कळायची.

सावध यांचा मुद्दा क्रमांक २ आमच्या काळी एका कडीने सुटायचा, एवढंच म्हणायचं होतं.

निवांत_पण_नाही
@रिळवाला काका, मस्त! आणखी लिहा.

साडेतीन इंची फ्लॉपीलाही ती सोय आहेच की. कोपऱ्यातली काळी खिट्टी सरकवून भोक उघडं केलं की लिहिणं बंद. गोगलगाय, चौदाच्या चौदा फ्लॉप्यांची भोकं आधी उघडी करून घ्या.

आणि गंमत म्हणजे सव्वापाच इंचीत उलटं! तिथे कडेची खाच मोकळी असेल तर लिहिता येतं, चिकटपट्टीने बुजवली की बंद. एकाच घरात दोन्ही असतील तर माणूस गोंधळणारच. मी गोंधळलो होतो. त्यात काय गेलं ते विचारू नका.

रिकामटेकडा
काय गेलं?

निवांत_पण_नाही
विचारू नका म्हटलं ना. प्रबंधाचं तिसरं प्रकरण. दुसऱ्यांदा लिहिलं ते बरं झालं असं मार्गदर्शक म्हणाले, त्याचा राग अजून आहे.

गोगलगाय
सावध, निवांत, धन्यवाद. भोकं उघडी केली. आत्याने त्यातली चार आधीच उघडी ठेवली होती, म्हणजे तिला माहीत होतं!

सीडींबद्दल कोणी बोललं नाही. त्या तर प्लास्टिकच्या. चुंबक नाही, विद्युतभार नाही, नुसता प्रकाश. त्या सगळ्यांत टिकाऊ ना?

सावध
इथेच 'प्रकाशीय' हा शब्द फसवतो. विकत मिळणारी छापील सीडी आणि घरी बर्न केलेली सीडी दिसायला सारख्या, वाचायला सारख्या, पण वस्तू म्हणून वेगळ्या.

छापील सीडीत साच्याने दाबलेले खरेखुरे खड्डे असतात. बर्न केलेल्या सीडीत खड्डे नसतात, रंगद्रव्याचा थर असतो. लेसरने तो जागोजागी भाजला जातो आणि वाचताना ती भाजलेली जागा खड्ड्यासारखी वागते. म्हणजे तुमच्या आत्यांच्या नऊ सीडींवरची भाषांतरं एका रंगावर आहेत. रंग उडतो, उन्हात लवकर उडतो. काही सीडी वीस वर्षांनी निमूट वाचल्या जातात, काही पाच वर्षांत कोऱ्या. वरून बघून सांगता येत नाही.

आणखी एक. सगळे सीडीची चमकदार बाजू जपतात. त्या बाजूला जवळजवळ १.२ मिलिमीटर जाडीचं पॉलिकार्बोनेट आहे. किरकोळ चरे तिथे चालून जातात, कारण लेसर त्याच्या पलीकडे रोखलेला असतो आणि चूक सुधारण्यासाठी जादा बिटंही लिहिलेली असतात. नाजूक बाजू वरची, जिथे नाव लिहितो. चकाकणारा थर तिथे नुसत्या लाखेच्या पापुद्र्याखाली आहे. बॉलपेनने जोर देऊन नाव लिहिलं की डेटावरच लिहिलं. कागदी लेबल चिकटवलं असेल तर ते सोलू नका, थर घेऊन येईल.

गोगलगाय
आत्याने नऊच्या नऊ सीडींवर बॉलपेनने लिहिलंय. सुंदर अक्षरात, तारखेसकट. :(

मृण्मयी_
अरेरे.

पण जरा सबुरीने घ्या. सीडीचं लिखाण आतल्या कडेकडून सुरू होऊन बाहेर जातं. सीडी पूर्ण भरलेली नसेल तर बाहेरच्या बाजूला काही नसतंच. आत्यांनी कडेला लिहिलं असेल तर वाचलात. आणि ज्या ड्राइव्हवर वाचत नाही ती दुसऱ्या ड्राइव्हवर वाचते, हा माझा स्वतःचा अनुभव. ज्याने बर्न केली तोच जुना ड्राइव्ह मिळाला तर आधी त्यात घालून बघा.

तर्कट
आता रुमालाची जागा वापरतो. लांबण आहे, ज्यांना कंटाळा येईल त्यांनी रिळवाला काकांचा प्रतिसाद परत वाचावा.

पुस्तकं 'प्राथमिक' आणि 'दुय्यम' यांतला फरक सांगताना लिहितात की वीज गेली की विसरते ती प्राथमिक, लक्षात ठेवते ती दुय्यम. हे चूक आहे. चिपवरची रॅम सर्वत्र येण्याआधी कॉम्प्युटरांची मुख्य स्मृती चुंबकीय कड्यांची होती, बारीक बारीक कड्या तारांत ओवलेल्या. तिच्यातलं वीज गेल्यावरही राहायचं, तरी ती प्राथमिकच. रॉमचंही (फक्त वाचायच्या स्मृतीचंही) तसंच, वीज नसताना टिकते पण तिला कोणी दुय्यम म्हणत नाही. आयबीएम ६५० या १९५०च्या दशकातल्या यंत्रात तर मुख्य स्मृती म्हणजे गरगर फिरणारा चुंबकीय ड्रम होता. आज फिरणारं चुंबकीय काही दिसलं की आपण डोळे मिटून 'दुय्यम' लिहू. तिथे तेच प्राथमिक होतं.

मग फरक कशाचा? प्रोसेसर थेट कुठे हात घालू शकतो याचा. प्रोसेसर सूचना उचलतो त्या मुख्य स्मृतीतून. डिस्कवरचं काही हवं असेल तर ते आधी तिथे आणावं लागतं, आणि आणायचं ते एकेक बाइट नाही, गठ्ठ्याने. जुन्या डिस्कवर ५१२ बाइटचा गठ्ठा, नव्यांत बहुधा ४,०९६चा. 'दुय्यम' म्हणजे कमी प्रतीचं नव्हे, दुसऱ्या हाताने मिळणारं.

पेन ड्राइव्ह? दुय्यम, मात्र काढता येणारा. कपाटात ठेवलेली फ्लॉपी? काटेकोर बोलायचं तर ऑफलाइन, कारण माणसाने उठून घातल्याशिवाय ती कॉम्प्युटरच्या लेखी नाहीच. यंत्राचा हात स्वतः जाऊन टेप काढून ड्राइव्हमध्ये घालतो अशा टेपच्या भांडारांना तृतीयक म्हणतात. तेव्हा आत्याचा खोका हा ऑफलाइन साठा आहे आणि गोगलगाय त्याचा यंत्रमानवी बाहू आहेत. हलके घ्या.

गोगलगाय
इतकं मोठं पद मला कोणी दिलं नव्हतं. घेतलं हलकंच. :-)

बाइटभर
तर्कट यांच्याशी एका ठिकाणी असहमत. रेषा तुम्ही म्हणता तेवढी साफ नाही. इंटेलच्या ऑप्टेनच्या काही पट्ट्या रॅमच्याच खोबणीत बसायच्या, प्रोसेसर थेट बाइट उचलायचा, आणि वीज गेली तरी डेटा राहायचा. ती प्राथमिक की दुय्यम? दोन्हीची कामं करायची. २०२२ मध्ये कंपनीने तो उद्योग गुंडाळला, ते वेगळं.

तर्कट
थेट हात जातो म्हणजे प्राथमिक. माझी व्याख्या शाबूत.

बाइटभर
आणि तीच पट्टी डिस्क म्हणून मांडून वापरली की?

तर्कट
मग त्या वेळी दुय्यम. एकच माणूस घरी बाबा आणि कचेरीत साहेब असतो.

रिकामटेकडा
आमच्या घरी दोन्हीकडे ऑफलाइन.

कॅशेपाटील
छान धागा, वाचनखूण साठवली. थोडं अवांतर: घरी एक टीबीची डिस्क आणली, कॉम्प्युटर ९३१ जीबी दाखवतोय. ७० जीबी कुठे गेले? दुकानदार म्हणतो सगळ्यांचंच असं असतं.

बाइटभर
दुकानदार खरं बोलतोय. डिस्क बनवणारा टीबी म्हणजे एकावर बारा शून्यं बाइट धरतो. विंडोज १,०२४च्या पटीत मोजून त्यालाच जीबी म्हणतं. एकावर बारा शून्यं भागिले १,०२४ तीन वेळा, उत्तर ९३१. बाइट तेवढेच आहेत, माप दोन आहेत.

फ्लॉपीचं '१.४४ एमबी' त्याहून भारी. ८० ट्रॅक, दोन बाजू, ट्रॅकला १८ सेक्टर, सेक्टरला ५१२ बाइट. गुणा: १४,७४,५६० बाइट. हजाराच्या मापाने १.४७ एमबी, १,०२४च्या मापाने १.४१. मग १.४४ आलं कुठून? एकदा १,०२४ने भागलं आणि एकदा १,०००ने! दोन्ही पक्षांना खूश ठेवलं.

कॅशेपाटील
हे वाचून मी परत मोजलं. खरंच की. कोणाच्या डोक्यातून निघालं असेल?

गोगलगाय
प्रगती अहवाल १.

एसएसडी: यूएसबीच्या डबीत घालून जोडली. दिसली. अख्खी प्रत निघाली, एकही चूक नाही. चार वर्षं पडून होती. तर्कट जिंकले.

पेन ड्राइव्ह: जोडल्यावर दिवा लागला, कॉम्प्युटर म्हणतो 'डिस्क घाला'. म्हणजे त्याला खोबण दिसते, आत काही दिसत नाही. सावध, हा गेला का?

सावध
बहुधा आतल्या कंट्रोलरला (चिप हाताळणाऱ्या भागाला) चिप ओळखता येत नाही. पेन ड्राइव्ह आणि एसएसडी दोन्ही फ्लॅशच, पण एसएसडीत कोणत्या कप्प्यावर किती वेळा लिहिलं याचा हिशेब ठेवून झीज सगळीकडे सारखी वाटली जाते, चूक सुधारायची ताकदही जास्त असते. स्वस्त पेन ड्राइव्हमध्ये यातलं जेमतेम असतं. पुस्तकात दोघंही एकाच ओळीत 'फ्लॅश'. तुमच्या लेकीचा प्रश्न, आधी कुठलं मरतं, त्याचं उत्तर या ओळीत नाही ते असं. चिप काढून वाचणारी माणसं असतात, आत काय आहे त्यावर ठरवा.

दुसरी गोष्ट ध्यानात असू द्या. हार्ड डिस्कवर फाइल डिलीट केली तर तिच्यावर दुसरं लिहिलं जाईपर्यंत ती बहुतेक वेळा परत काढता येते. कॉम्प्युटरच्या आत बसवलेल्या एसएसडीत ट्रिम नावाची सोय बहुधा चालू असते. फाइल पुसली की 'ही जागा रिकामी समज' असा निरोप डिस्कला जातो, आणि ती तिच्या सवडीने खरोखर साफ करते. मग माझ्यासारख्याकडे येऊन उपयोग नसतो. लोक येतात तरीही.

मृण्मयी_
पेन ड्राइव्हवरून आठवलं. मला भेट मिळालेल्या पेन ड्राइव्हवर २ टीबी छापलं होतं. खूश होऊन सगळं भरलं. सुरुवातीच्या फाइली उघडत होत्या, पुढच्या नावं दिसायची पण उघडायच्या नाहीत. आत चिप ८ जीबीची! कंट्रोलरला खोटं बोलायला शिकवलेलं. भरली की तो त्याच जागेवर परत लिहीत होता किंवा सरळ टाकून देत होता.

तेव्हापासून नवा पेन ड्राइव्ह आला की आधी एच२टेस्टडब्ल्यू हा प्रोग्रॅम चालवते. तो पूर्ण भरून परत वाचून बघतो. लिनक्सवाल्यांसाठी एफ३ आहे.

रिकामटेकडा
माझ्या बायोडेटाचंही असंच आहे. सुरुवातीच्या ओळी उघडतात.

जुना_मोडेम
जुन्या हार्ड डिस्कसाठी एक रामबाण सांगतो: पिशवीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. आमच्या मित्राची चालू झाली होती.

सावध
कृपया नको!! हे वाचून कोणीतरी करतं. मोठ्या डिस्कमध्ये तबकडी मिनिटाला ७,२०० वेळा फिरत असेल तर तिची कड ताशी सव्वाशे किलोमीटरहून जास्त वेगाने जाते, आणि वाचणारं हेड तिच्यावर काही नॅनोमीटर उंचीवर तरंगतं. फ्रीझरमधून काढल्यावर आत बाष्प धरलं तर त्या हेडसाठी एक थेंब म्हणजे डोंगर. फार जुन्या डिस्कमध्ये हेड तबकडीला चिकटून बसायचं, त्यातल्या काही या उपायाने सुटल्या असतील. त्यावरून हा सल्ला पसरला आणि हटत नाही.

जुना_मोडेम
प्रतिसाद काढून टाकू का?

सावध
राहू द्या, खाली उत्तर आहे. :-)

गोगलगाय, तुमच्या हार्ड डिस्कसाठी: यूएसबीचा अडॅप्टर घ्या तो आयडीईवाला (रुंद चपट्या केबलच्या डिस्कचा) आणि स्वतःचा वीजपुरवठा असलेला. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात, यूएसबी ५ देते. मागे पिनांवर छोटा जम्पर (दोन पिना जोडणारी टोपी) असेल तो 'मास्टर'वर ठेवा. चालू केल्यावर टक्-टक्-टक् असा ठेका आला तर लगेच बंद. सुरळीत घरघर आली तर त्याच बैठकीत प्रत काढून घ्या. उद्यावर ढकलू नका.

रिळवाला
टेपबद्दल कोणी भूतकाळात बोलत असेल तर सांगतो, टेप गेलेली नाही. एलटीओ या प्रकारातल्या आठव्या पिढीच्या, म्हणजे एलटीओ-८ टेपच्या एका डबीत १२ टीबी मावतात, तेही डेटा कॉम्प्रेस न करता, आणि आत जवळजवळ एक किलोमीटर टेप असते. फेब्रुवारी २०११ मध्ये जीमेलच्या काही खात्यांतली पत्रं एका सॉफ्टवेअरच्या चुकीने गायब झाली होती. डिस्कवरच्या सगळ्या प्रतींना तीच चूक लागली. परत आणली ती टेपवरून. टेप कपाटात होती म्हणून तिला चूक लागली नाही.

'क्लाउडवर आहे, आता चिंता नाही' म्हणणाऱ्या नातवाला मी हे दर वेळी ऐकवतो. क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीतल्या याच हार्ड डिस्क, याच एसएसडी आणि याच टेपा.

निवांत_पण_नाही
काका, सहमत. फोन आणि क्लाउड एकमेकांशी जुळवून ठेवणं म्हणजे बॅकअप नव्हे, हेही सांगा. इकडे पुसलं की तिकडे पुसलं जातं, तत्परतेने.

गोगलगाय
प्रगती अहवाल २. जरा मोठा.

साडेतीन इंची फ्लॉप्या: यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह उसना मिळाला. १४ पैकी ११ पूर्ण वाचल्या, दोनमध्ये काही सेक्टर गेलेत, एक वाचताना करकरली म्हणून लगेच काढली.

सीडी: ९ पैकी ५ वाचल्या. दोन मृण्मयी म्हणाली तसं दुसऱ्या ड्राइव्हवर वाचल्या. दोन गेल्या. गेलेल्या दोन्ही खिडकीजवळच्या फळीवर होत्या असं आत्या म्हणते. बॉलपेनचा दोष नव्हता, म्हणजे निदान तिथे तरी नाही.

हार्ड डिस्क: जम्परच नव्हता! जुन्या सीडी ड्राइव्हच्या मागचा काढून लावला. घरघर आली. रात्री अकराला सुरू केलं, पहाटे प्रत पूर्ण. ४० जीबीपैकी काही केबी सोडून सगळं.

आता खरी गंमत. फ्लॉपीवरच्या फाइली बाइटन् बाइट शाबूत आहेत, उघडल्या तर आत सगळी निरर्थक रोमन अक्षरं आणि चिन्हं. आत्या म्हणाली, ते मराठीच आहे, तेव्हाच्या फॉन्टमध्ये. युनिकोडच्या, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेताच्या, आधीचं. फॉन्ट ज्या कॉम्प्युटरवर होता तो कधीच भंगारात गेला.

बाइटभर
फॉन्ट त्या हार्ड डिस्कवर असेल ना? तिची प्रत काढलीत ना? विंडोजच्या फोल्डरात फॉन्ट्स नावाच्या कप्प्यात बघा.

गोगलगाय
आहे!!! तिथेच आहे. लावल्यावर सगळं दिसायला लागलं. आत्या फोनवर दोन मिनिटं काही बोलली नाही, मग म्हणाली "पान चारवर एक चूक आहे, तेव्हाच कळली होती."

आता युनिकोडमध्ये बदलायला परिवर्तक शोधते.

बाइटभर
बदलल्यावर जोडाक्षरं आणि रफार नीट तपासा. पहिली वेलांटी जुन्या फॉन्टांत अक्षराच्या आधी टंकली जायची, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. परिवर्तक तिथेच अडखळतात. आणि मूळ फाइली टाकू नका.

कॅशेपाटील
वहीतल्या प्रश्नाचं काय झालं? मला त्याचीच उत्सुकता.

गोगलगाय
तिने पुस्तकातलं उत्तर लिहिलं आणि खाली स्वतःचं जोडलं. जसंच्या तसं देते: "फिरणारी, सरकणारी आणि गप्प बसणारी."

तर्कट
उभा राहून टाळ्या. हे पुस्तकातल्यापेक्षा उपयोगाचं आहे, कारण यातून वेळ कळतो. ७,२०० फेऱ्यांच्या डिस्कला एक फेरी मारायला ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा हेडखाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी, ४.२ मिलिसेकंद. हेड सरकायला वेगळे. सरकणाऱ्या टेपला हवी ती जागा गाठायला काही सेकंद ते मिनिट. गप्प बसणारीला काही हलवायचंच नसतं, ती मिलिसेकंदाच्या छोट्या अंशात उत्तर देते. एसएसडी लावल्यावर जुना लॅपटॉप पळायला लागतो तो मुख्यतः यामुळे.

रिळवाला
सरकणारी म्हटलं पोरीने. रिळं मात्र फिरतातच हो.

तर्कट
काका, रिळं फिरतात, टेप सरकते. वर्गीकरण शाबूत.

सावध
लेकीला सांगा, शेवटी कोण कसं मरतं तेही यातच आहे. फिरणारी आवाज करून मरते, गप्प बसणारी गप्पच मरते. माझ्याकडे येणाऱ्या हार्ड डिस्कवाल्यांना आठवडाभर आधी कसला तरी आवाज आलेला असतो. एसएसडीवाले म्हणतात, काल रात्रीपर्यंत चालू होती.

रिकामटेकडा
तीन मोठ्या फ्लॉप्यांचं काय झालं? सव्वापाच इंची. अहवालात दिसल्या नाहीत.

गोगलगाय
त्या तशाच आहेत. यूएसबीवाला ड्राइव्ह फक्त साडेतीन इंची वाचतो. एकीवर आत्याने 'पहिले' असं लिहिलंय. कशाचं पहिलं ते तिला आठवत नाही.

रिकामटेकडा
माझ्याकडे सव्वापाच इंची ड्राइव्ह आहे, १.२ एमबीवाला. खरंच आहे, विनोद नाही. त्यात ३६० केबीच्याही वाचता येतात. पण आताच्या मदरबोर्डला ती केबल लावायला जागाच नाही.

बाइटभर
माझ्याकडे ग्रीझवीझल बोर्ड आहे. एका बाजूला फ्लॉपीची केबल, दुसऱ्या बाजूला यूएसबी. चुंबकीय खुणा कच्च्या स्वरूपात उचलतो, अर्थ नंतर लावता येतो. रिकामटेकडा, ड्राइव्हला १२ व्होल्टचा पुरवठा आहे का?

रिकामटेकडा
आहे. बेल्टवाला नाही, थेट मोटरवाला आहे. गेल्या वर्षी हेड साफ केलं होतं, का ते विचारू नका.

बाइटभर
गोगलगाय, व्यक्तिगत निरोप बघा. फ्लॉप्या पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये घालून आणा, वाकवू नका. खाचेवर चिकटपट्टी लावून.

गोगलगाय
बघितला. पट्टी लावली. तिघींनाही.